जुना फ्लॅट विकून नवे घर घेताना: मुद्रांक शुल्क, टीडीएस आणि भांडवली नफा यांचा एकत्रित हिशेब

आपल्या प्रश्नाचा सारांश असा. कोथरूडमधील फ्लॅट आपण २००९ च्या दिवाळीत सर्व खर्च धरून ३० लाखांना घेतला. तो एकट्या आपल्या नावावर आहे, त्यावरचे कर्ज फिटले आहे आणि आता तो ९५ लाखांना विकायचा ठरला आहे. त्या बदल्यात बाणेरमधील दहा-बारा वर्षे जुना फ्लॅट १ कोटी ३५ लाखांना घ्यायचा असून त्यासाठी ६० लाखांचे कर्ज काढणार आहात. बाणेरच्या फ्लॅटचे मालक दोघे भाऊ असून त्यांपैकी एक पुण्यात आणि दुसरा अमेरिकेत राहतो. एकूण किती पैसे बाजूला ठेवावेत, पत्नीच्या एकटीच्या नावे खरेदी करून मुद्रांक शुल्कातील एक टक्का वाचवावा काय, आणि विकणारे २५ लाख रुपये रोखीने मागत आहेत ते द्यावेत काय, असे आपण विचारले आहे. दोन्ही व्यवहार २०२५-२६ या आर्थिक वर्षातले आहेत असे धरून उत्तर देतो. कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू होत असल्याने पुढील व्यवहारांसाठी हे क्रमांक बदलतील.

हे तीन प्रश्न आपण वेगवेगळे मांडले असले, तरी माझ्या मते ते एकाच प्रश्नाचे तुकडे आहेत. दस्तात लिहिलेली किंमत आणि दस्तात लिहिलेली नावे यांवरूनच मुद्रांक शुल्क, टीडीएस (घेणाऱ्याने किमतीतून आधीच कापून सरकारकडे भरायचा कर), आपला भांडवली नफा, त्यातली सूट आणि पुढे कधीतरी बाणेरचे घर विकाल तेव्हाचा कर, हे सगळे ठरते. एका ठिकाणी पैसे वाचवण्यासाठी तो आकडा किंवा ती नावे हलवली, की दुसऱ्या दोन ठिकाणी ती हालचाल महागात पडते. माझ्याकडे येणारी बहुतेक अडचणीची प्रकरणे अशीच तयार झालेली असतात.

प्रथम खरेदीचा खर्च पाहू. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के, स्थानिक संस्था कराच्या जागी आलेला अधिभार १ टक्का आणि मेट्रोचा अधिभार १ टक्का, असे मिळून ७ टक्के पडतात. मुंबईत हेच प्रमाण ६ टक्के आहे. १ कोटी ३५ लाखांवर ७ टक्के म्हणजे ९,४५,००० रुपये होतात. नोंदणी फी १ टक्का असली तरी तिची कमाल मर्यादा ३०,००० रुपये असल्याने तेवढीच भरावी लागेल. कर्जासाठी बँकेकडे मूळ कागदपत्रे ठेवल्याची नोटीस ऑफ इंटिमेशन दुय्यम निबंधकांकडे ३० दिवसांत दाखल करावी लागते आणि तिच्यावर कर्जाच्या रकमेच्या ०.३ टक्के, म्हणजे आपल्या बाबतीत १८,००० रुपये मुद्रांक शुल्क लागते. ही रक्कम बहुतेकांच्या हिशेबातून सुटते आणि कर्ज वाटपाच्या आदल्या दिवशी धावपळ होते. गृहनिर्माण संस्थेचा हस्तांतरण प्रीमियम महानगरपालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५,००० रुपये आणि हस्तांतरण फी ५०० रुपये आहे. ‘विकास निधी’, ‘ऐच्छिक देणगी’ अशा नावांनी त्याहून अधिक मागणी झाली, तर ती लेखी मागावी. लेखी देण्याची वेळ आली की मागणी बहुधा आपोआप खाली येते. दलाली एक टक्का धरली तर १,३५,००० रुपये होतात. हे सर्व मिळून ११,५३,५०० रुपये भरतात. वकिलाची फी, तीस वर्षांचा शोध अहवाल, दस्ताच्या पानांमागे लागणारे हाताळणी शुल्क आणि बँकेची प्रक्रिया फी धरून आपण १२ लाख रुपये बाजूला ठेवावेत. या खर्चाला बँक कर्ज देत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

तयार आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे तो विषय आपल्यापुरता संपतो. हेच घर बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात घेतले असते, तर ५ टक्के दराने ६,७५,००० रुपये आणखी गेले असते. बिल्डरचा दर आणि जुन्या फ्लॅटचा दर यांची तुलना करताना ही रक्कम धरली नाही तर ती तुलना फसवी ठरते.

आता पत्नीच्या नावाविषयी. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात निवासी घर केवळ महिलेच्या किंवा महिलांच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येणार नाही, ही सुरुवातीची अट २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली. मात्र पती-पत्नींच्या संयुक्त नावाला ही सवलत नाही. आपल्याला तिच्यापोटी १,३५,००० रुपये वाचतात आणि एरवी मी ‘अवश्य घ्या’ असेच म्हणालो असतो. आपल्या बाबतीत तसे म्हणत नाही. कोथरूडचा फ्लॅट आपल्या नावावर असल्याने त्यावरील नफा आपला आहे आणि त्या नफ्यावरची कलम ५४ ची सूट घर विकणाऱ्याने नवे घर घेतल्याबद्दल मिळते. घर पत्नीच्या एकटीच्या नावे झाले, तर पैसा पतीचा असला तरी पतीला सूट मिळते काय, यावर देशातील उच्च न्यायालयांचे निर्णय एकसारखे नाहीत आणि नावाचा आग्रह धरणारे प्रतिकूल मत मुंबई उच्च न्यायालयाचेही आहे. सव्वा-दीड लाखांच्या सवलतीसाठी आठ लाखांपर्यंतच्या कराचा वाद ओढवून घेण्यात मला शहाणपण दिसत नाही.

हा आठ लाखांचा आकडा कुठून आला, ते सविस्तर सांगतो, कारण येथेच लोकांचा सर्वाधिक गोंधळ होतो. चोवीस महिन्यांहून अधिक काळ ताब्यात असलेल्या घरावरचा नफा दीर्घ मुदतीचा धरला जातो. २३ जुलै २०२४ पासून त्यावरील दर १२.५ टक्के झाला आणि महागाईच्या निर्देशांकानुसार खरेदी किंमत वाढवून घेण्याची सोय गेली. परंतु त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन किंवा इमारतीसाठी निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना जुन्या पद्धतीने, म्हणजे निर्देशांक धरून २० टक्क्यांनी, कर मोजून पाहण्याची मुभा राहिली आहे. दोन्हींपैकी जो कर कमी होईल तोच द्यावा लागतो. अनिवासी व्यक्तींना ही मुभा नाही.

आपल्या ९५ लाखांतून दलाली व विक्रीचा इतर खर्च मिळून १ लाख वजा केला, तर ९४ लाख उरतात. नव्या पद्धतीने त्यातून ३० लाख वजा जाता नफा ६४ लाख आणि त्यावर १२.५ टक्क्यांनी कर ८ लाख रुपये होतो. जुन्या पद्धतीने २००९-१० चा निर्देशांक १४८ आणि २०२५-२६ चा ३७६ धरला, तर ३० लाखांचे ७६,२१,६२२ रुपये होतात. नफा केवळ १७,७८,३७८ रुपये उरतो आणि २० टक्क्यांनी कर ३,५५,६७६ रुपये येतो. दोन्हींवर ४ टक्के उपकर वेगळा. म्हणजे कोणतीही सूट न घेताही आपले देणे निम्म्याहून खाली येते. एक बारकावा मात्र आहे. कर जुन्या पद्धतीने मर्यादित झाला, तरी एकूण उत्पन्नात नफा ६४ लाखांचाच मोजला जातो, त्यामुळे उत्पन्न ५० लाखांच्या पुढे जाऊन १० टक्के अधिभार लागू शकतो.

कलम ५४ नुसार जुने घर विकण्यापूर्वी एक वर्ष किंवा विकल्यानंतर दोन वर्षांत तयार घर घेतले, अथवा तीन वर्षांत बांधले, तर नव्या घरात गुंतवलेल्या रकमेइतका नफा करमुक्त होतो. पती-पत्नींच्या संयुक्त नावे घर घ्यावे, दस्तात आपले नाव प्रथम असावे, विक्रीतून आलेले पैसे आपल्या खात्यातून थेट विकणाऱ्यांच्या खात्यात जावेत आणि कोणी किती रक्कम दिली, हे दस्तातील मोबदल्याच्या कलमात धनादेश क्रमांकांसह लिहावे. आपला वाटा निम्मा, म्हणजे ६७.५ लाखांचाच मानला गेला, तरी तो ६४ लाखांच्या वर राहतो आणि नफा पूर्णपणे सुटतो. सूट घेतल्यानंतर नवे घर तीन वर्षांच्या आत विकू नये, अन्यथा सोडलेला नफा नव्या घराच्या किमतीतून वजा होऊन कराच्या कक्षेत परत येतो. बाणेरचा व्यवहार काही कारणाने लांबला, तर न वापरलेली रक्कम आयकर विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपूर्वी, म्हणजे सर्वसाधारणपणे ३१ जुलैपूर्वी, बँकेत भांडवली नफा खाते योजनेत ठेवावी लागते. ‘पैसे बचत खात्यात सुरक्षितच होते’ हे उत्तर आयकर अधिकाऱ्यापुढे चालत नाही.

जुन्या घराच्या खरेदी किमतीत तेव्हाचे मुद्रांक शुल्क व नोंदणी फी मिळवता येते, म्हणून २००९ ची चलने शोधून ठेवावीत. गृहकर्जाचे जे व्याज आपण कलम २४ खाली वजावट म्हणून घेतले आहे, ते मात्र खरेदी किमतीत मिळवता येत नाही. पूर्वी काही सल्लागार ते दोन्हीकडे धरत असत. ती वाट २०२३ च्या वित्त कायद्याने बंद केली.

रोख २५ लाखांच्या मागणीविषयी मी स्पष्टच लिहितो. विकणाऱ्यांचे म्हणणे असे असते की दस्त १ कोटी १० लाखांचा केला तर तुमचे मुद्रांक शुल्क वाचेल, आणि रेडी रेकनरचे, म्हणजे शासनाच्या बाजारमूल्य दर तक्त्यानुसार येणारे, मूल्य त्याहून कमी असल्याने दुय्यम निबंधक काही विचारणार नाहीत. यातले दुसरे वाक्य खरे आहे, म्हणूनच पहिले मोहात पाडते. ७ टक्क्यांनी १,७५,००० रुपये वाचल्याचे दिसते. परंतु ते २५ लाख आपण आणणार कोठून? आपले पैसे विक्रीतून आणि बँकेतून, म्हणजे दोन्हीकडून खात्यातच येणार आहेत. ते काढून दिले तर काढल्याची नोंद राहते आणि ते कशासाठी दिले हे सांगता येत नाही. मग हे २५ लाख उभे करण्यासाठी कोथरूडच्या विक्रीतही काही भाग रोख घ्यावा, असा सल्ला कोणीतरी देतोच. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणे कलम २६९ एसएस खाली निषिद्ध आहे आणि त्याचा दंड स्वीकारलेल्या रकमेइतकाच असतो. व्यवहार पुढे फिसकटला तरी तो टळत नाही, आणि तो स्वीकारणाऱ्यावर पडतो, म्हणजे कोथरूडच्या बाबतीत आपल्यावर. शिवाय बँक दस्तातील किमतीवर कर्ज ठरवते, आणि पुढे बाणेरचे घर विकाल तेव्हा खरेदी किंमत २५ लाखांनी कमी धरली जाऊन १२.५ टक्क्यांच्या दराने ३,१२,५०० रुपयांचा जादा कर आपल्यालाच भरावा लागेल. विकणाऱ्यांचा आजचा कर आपण उद्या भरणार, एवढाच त्या मागणीचा अर्थ आहे.

रेडी रेकनर उलट बाजूनेही चावतो. मुद्रांक शुल्क दस्तातील किंमत आणि बाजारमूल्य दर तक्त्यानुसार येणारे मूल्य यांपैकी जे जास्त त्यावर लागते, हे सर्वांना ठाऊक असते. दस्तातील किमतीपेक्षा शासकीय मूल्य १० टक्क्यांहून अधिक असेल, तर कलम ५० सी नुसार विकणाऱ्याला ते मूल्य मिळाले असे धरून नफा मोजतात आणि कलम ५६ नुसार घेणाऱ्याला फरकाची रक्कम उत्पन्न म्हणून लागते, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसते. जे पैसे कोणी दिले नाहीत आणि कोणाला मिळाले नाहीत, त्यांवर दोघेही कर भरतात.

माझ्याकडे आलेल्या एका दस्ताचे उदाहरण देतो, आकडे सोयीसाठी पूर्णांकात केले आहेत. तिसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेल्या १९९५ च्या इमारतीतील फ्लॅट, ठरलेली किंमत ५४ लाख. मूल्यांकनाचा कागद हाती आला तो ६३ लाखांचा. दर प्रति चौरस मीटर ९०,००० आणि क्षेत्र ७० चौरस मीटर, गुणाकार बरोबर होता. चूक वरच्या ओळीत होती. इमारतीच्या वयाच्या रकान्यात ‘० ते २ वर्षे’ असे नोंदले गेले होते, कारण कागदपत्रांत पूर्णत्वाचा दाखला जोडलेलाच नव्हता. जुन्या आरसीसी इमारतीला वयानुसार घसारा, म्हणजे मूल्यात घट, मिळतो आणि तीस वर्षांना तो ३० टक्के होतो. मात्र तो पूर्ण दरावर मिळत नाही, तर खुल्या जमिनीचा दर बाजूला काढून उरलेल्या भागावर मिळतो. तेथे जमिनीचा दर ४०,००० होता. उरलेल्या ५०,००० चे ३०% घसाऱ्यानंतर ३५,००० झाले, त्यात जमिनीचे ४०,००० मिळवून दर ७५,००० आला आणि मूल्य ५२.५ लाखांवर उतरले. दाखला जोडून मूल्यांकन दुसऱ्यांदा काढले नसते, तर ९ लाखांच्या फरकावर घेणाऱ्याला ३० टक्क्यांनी २,७०,००० रुपये कर, विकणाऱ्याला वाढीव नफा आणि वर ६३,००० रुपयांचे जादा मुद्रांक शुल्क पडले असते. आपल्याही दोन्ही फ्लॅटांचे मूल्यांकन चलन भरण्यापूर्वी हातात घेऊन वयाची आणि क्षेत्राची ओळ स्वतः वाचावी. घसारा धरूनही मूल्य बाजारभावाहून जास्तच येत असेल, तर विकणाऱ्याला आयकर अधिकाऱ्याकडे हरकत घेऊन विभागीय मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची विनंती करता येते.

आता अमेरिकेतील भावाकडे वळू, कारण आपल्या संपूर्ण व्यवहारात सर्वांत मोठा धोका तेथे आहे आणि आपण त्याचा उल्लेख केवळ ओघात केला आहे. पुण्यातील भावाच्या ६७.५ लाखांवर आपल्याला १ टक्का, म्हणजे ६७,५०० रुपये टीडीएस कापून २६ क्यूबी या फॉर्मने, कापलेल्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत भरावा लागेल. घेणारे दोघे असल्याने फॉर्मही दोन भरावे लागतील. उशीर झाल्यास दिवसाला २०० रुपये लागतात. त्याचा पॅन आधारशी जोडलेला आहे याची खात्री करून घ्यावी, नाहीतर दर २० टक्के होतो. अमेरिकेतील भावाच्या हिश्श्याला हा १ टक्का लागू नाही. त्याला कलम १९५ लागते, ज्या किमतीखाली १ टक्का टीडीएस कापावा लागत नाही ती ५० लाखांची मर्यादा तेथे नाही, आणि १२.५ टक्के अधिक १० टक्के अधिभार अधिक उपकर मिळून प्रभावी दर १४.३ टक्के होतो. नफा किती हे आपल्याला ठरवता येत नसल्याने व्यवहारात हा दर संपूर्ण रकमेवर लावावा लागतो, म्हणजे ६७.५ लाखांवर ९,६५,२५० रुपये. ते कापले नाहीत तर वसुली व्याजासह आपल्याकडून होते, त्याच्याकडून नव्हे.

यावर उपाय आहे, पण तो वेळ घेतो. त्या भावाने आयकर खात्याकडे फॉर्म १३ भरून कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र मिळवावे. त्याचा खरा नफा कमी असेल तर कपात बरीच उतरते. प्रमाणपत्र यायला काही आठवडे सहज लागतात, म्हणून इसारपावतीतच लिहून घ्यावे की ते न आल्यास कायद्याने ठरलेल्या दराने कपात होईल आणि त्याबद्दल तक्रार चालणार नाही. ही कपात भरण्यासाठी आपल्याला टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक, काढावा लागेल. तो भाऊ स्वतः येणार नसेल, तर त्याचे मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीसमोर किंवा तेथील नोटरीसमोर करून ॲपोस्टिल केलेले (तेथील सरकारने खरेपणाचा शिक्का दिलेले) असावे आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरलेले असावे. दस्त नोंदवण्याच्या दिवशी सर्वजण बायोमेट्रिकच्या खिडकीसमोर उभे राहिल्यावर मुखत्यारपत्राला मुद्रांकच नाही हे कळणे, आणि बँकेचा प्रतिनिधी डिमांड ड्राफ्ट घेऊन परत जाणे, हा प्रसंग मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे.

क्रमाबद्दल दोन शब्द. महाराष्ट्रात ताबा देण्याचे ठरलेल्या साठेखतावरच (खरेदीखतापूर्वीच्या विक्रीच्या करारावरच) पूर्ण मुद्रांक शुल्क भरले जाते आणि पुढच्या खरेदीखताला नाममात्र शुल्क लागते, म्हणून ‘आधी साठेखत करू, शुल्क नंतर बघू’ असे कोणी सुचवल्यास ऐकू नये. सही झालेला दस्त चार महिन्यांत नोंदवावा लागतो आणि कमी भरलेल्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड चढतो, त्याची कमाल मर्यादा तुटीच्या चौपट आहे. कोथरूडचा दस्त आधी नोंदवावा. आपला खरेदीदार ९५,००० रुपये टीडीएस कापेल, ती रक्कम आपल्या फॉर्म २६ एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावे जमा झालेल्या कराच्या विवरणात, दिसेपर्यंत त्याच्याकडून फॉर्म १६ बी, म्हणजे टीडीएसचे प्रमाणपत्र, मागत राहावे. त्यानंतर बाणेरच्या फ्लॅटचा इसार द्यावा, तोही भावाच्या प्रमाणपत्राचा अर्ज दाखल झाल्याची पोच हाती आल्यावर.